घरात राहण्याचा हट्ट: ‘सेव्हिंग फेस’ आणि प्रेमाची सुखात्मिका



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना नाटक-सिनेमा हा रिकाम्या वेळेचा विषय कधी वाटला नाही. रंगमंचावर उभा राहिलेला प्रश्न प्रेक्षकांच्या घरात जेवणाच्या पानापर्यंत पोचला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्याच आग्रहाला धरून मी आज एका सिनेमाविषयी बोलणार आहे. सिनेमाचं नाव ‘सेव्हिंग फेस’, म्हणजे अब्रू राखणं. अॅलिस वू यांनी तो लिहिला आणि दिग्दर्शित केला. सप्टेंबर २००४ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि मे २००५ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात फ्लशिंग नावाची मोठी चिनी वस्ती आहे, तिथली ही गोष्ट. एक मुलगी दुसऱ्या मुलीच्या प्रेमात पडते, तिची आई तिसऱ्याच कुणाच्या तरी प्रेमात असते, आणि दोघींच्या मध्ये सगळी वस्ती उभी असते. हा लेस्बियन प्रेमाचा विनोदी सिनेमा आहे आणि तितकाच तो आई-मुलीचाही सिनेमा आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईची गोष्ट सुखात्मिका म्हणून सांगणं, हे त्या गोष्टीला हलकं करणं नव्हे. शोकात्मिकेत ती मरते किंवा निघून जाते. आपण रडतो, हळहळतो आणि घरी येतो. घर जसं होतं तसंच राहतं. सुखात्मिकेत ती मरत नाही, जातही नाही. ती जेवायला त्याच टेबलावर येऊन बसते, आणि मग बाकीच्या सगळ्यांना आपापल्या खुर्च्या सरकवाव्या लागतात. कुटुंबाकडून जास्त काही मागणारी गोष्ट हीच आहे.

हे नीट कळायला थोडं मागे जावं लागेल. अमेरिकेत लिलियन हेलमन यांचं ‘द चिल्ड्रन्स अवर’ हे नाटक १९३४ मध्ये रंगभूमीवर आलं. मुलींची शाळा चालवणाऱ्या दोन शिक्षिकांविषयी एक विद्यार्थिनी खोटी आवई उठवते आणि दोघींचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. विल्यम वायलर यांनी १९३६ मध्ये त्यावर ‘दीज थ्री’ हा सिनेमा केला. पण तेव्हा हॉलिवूडमध्ये सिनेमात काय दाखवायचं याचे नियम घालणारी हेज संहिता होती. १९३० मध्ये स्वीकारलेली ही संहिता १९३४ पासून कडकपणे राबवली जात होती. त्यामुळे दोन स्त्रियांमधल्या प्रेमाची आवई बदलून एका पुरुषाभोवतीचा त्रिकोण केला गेला. पंचवीस वर्षांनी, १९६१ मध्ये, वायलर यांनी तीच गोष्ट मूळ नावाने पुन्हा केली. आता संहिता सैल झाली होती. ऑड्री हेपबर्न आणि शर्ली मॅक्लेन यांनी त्या शिक्षिकांच्या भूमिका केल्या. मॅक्लेनची मार्था आपलं प्रेम बोलून दाखवते आणि थोड्याच वेळात गळफास घेते. म्हणजे बोलायची परवानगी मिळाली, पण बोललेल्या बाईला जगायची परवानगी मिळाली नाही.

आपल्याकडेही हा प्रश्न मराठी रंगभूमीने तसा लवकर हातात घेतला, याचा मला अभिमान आहे. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये आलं. रोहिणी हट्टंगडी यांनी ‘मित्रा’ या नायिकेची भूमिका केली. एका स्त्रीला आपला ओढा कुठे आहे हे उमजतं, आणि तिला समजून घेणारं भोवती जवळपास कुणी नसतं. तेंडुलकरांनी तिच्याकडे करुणेने पाहिलं, तिची चेष्टा होऊ दिली नाही. पण ती जगत नाही. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’मध्ये महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचा संबंध येतो, तो व्यवस्थेपुढची अडचण म्हणून. डिसेंबर १९९८ मध्ये दीपा मेहतांच्या ‘फायर’वरून मुंबईत चित्रपटगृहांची मोडतोड झाली. त्या सिनेमातल्या दोघी जणी जिवंत राहतात, पण घर सोडून. गेल्या शतकात आपल्यासमोर अशी स्त्री आली ती बहुधा या तीन रूपांत: मेलेली, अडचणीची, किंवा घराबाहेर पडलेली. ज्यांनी ही रूपं घडवली त्यांनी आपल्या काळात धैर्य दाखवलं. पण त्यांतल्या कुठल्याही रूपात दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काय होतं, हा प्रश्न उरत नाही.

अॅलिस वू यांनी नेमका तोच प्रश्न घेतला. त्यांचे आईवडील तैवानहून अमेरिकेत आलेले. स्वतः त्या स्टॅनफर्डमध्ये संगणकशास्त्र शिकल्या आणि सिअॅटलमध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करत होत्या. तिथे असतानाच त्यांनी ही पटकथा लिहिली. सिनेमा करायचा म्हणून नोकरी सोडली, न्यूयॉर्क गाठलं आणि स्वतःला पाच वर्षांची मुदत दिली. पटकथेला २००१ मध्ये आशियाई-अमेरिकन कलावंतांच्या संस्थेचं पारितोषिक मिळालं. तरीही निर्मिती क्षेत्रातल्या काहींनी सुचवलं की पात्रं गोरी करावीत, म्हणजे प्रेक्षक मिळेल. वू यांनी ते मान्य केलं नाही. मायलेकी चिनीच राहिल्या आणि आपसात मँडरीनमध्येच बोलत राहिल्या. शेवटी अभिनेता विल स्मिथ यांच्या निर्मितीसंस्थेने हा सिनेमा उभा केला. १९९३ च्या ‘द जॉय लक क्लब’नंतर चिनी-अमेरिकन कुटुंब केंद्रस्थानी असलेला असा सिनेमा हॉलिवूडमधून आलाच नव्हता. त्याच वर्षी अँग ली यांनी ‘द वेडिंग बँक्वेट’मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तैवानी तरुणाची गोष्ट विनोदातून सांगितली होती. त्याचा प्रियकर अमेरिकन असतो आणि आईवडिलांसाठी तो खोटं लग्न लावतो. वू यांच्या गोष्टीत मुलगी आहे, आणि खोट्या लग्नाची पाळी मुलीवर येत नाही. ती आईवर येते.

आता गोष्ट ऐका. विल्हेल्मिना पँग, घरची विल, अठ्ठावीस वर्षांची शल्यविशारद आहे. मॅनहॅटनमध्ये एकटी राहते. दर शुक्रवारी संध्याकाळी ती फ्लशिंगला येते, कारण तिथल्या ‘प्लॅनेट चायना’ नावाच्या रेस्तराँमध्ये सगळी वस्ती जमते, नाच होतो, आणि आई तिला एकेक लग्नाचा मुलगा दाखवते. अशाच एका संध्याकाळी विलला व्हिव्हियन दिसते. व्हिव्हियन बॅले नर्तकी आहे आणि विलच्या वरिष्ठ डॉक्टरांची मुलगी आहे. दोघींची ओळख वाढत असतानाच विलच्या दारात तिची आई बोचकी घेऊन उभी राहते. आई अठ्ठेचाळीस वर्षांची विधवा आहे आणि तिला दिवस गेले आहेत. बाप कोण, हे ती सांगत नाही. फ्लशिंगमध्ये मान असलेल्या आजोबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला घराबाहेर काढलं आहे. जोवर बाळाला बाप मिळत नाही तोवर परत यायचं नाही.

इथे वू यांनी केलेली निवड माझ्या मते सिनेमाचा कणा आहे. घराबाहेर पहिल्यांदा कोण काढलं जातं? लेस्बियन मुलगी नव्हे, तर आई. पुरुषावर प्रेम केलेली, लग्न झालेली, मुलगी वाढवलेली, रीतीने आयुष्य काढलेली बाई. म्हणजे ज्या अब्रूच्या धाकाने मुलगी आपलं प्रेम लपवते आहे, तो धाक केवळ तिच्यासारख्यांसाठी राखून ठेवलेला नाही. तो प्रत्येक बाईच्या मानेवर आहे. आज मुलीच्या, काल आईच्या. ‘हा थोड्या लोकांचा प्रश्न आहे, आमच्या घराशी त्याचा काय संबंध?’ असं जे म्हणतात, त्यांना या सिनेमाने दिलेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं. ‘लोक काय म्हणतील’ हे वाक्य घरात एकदा शिरलं की ते कुणाचीही गय करत नाही.

मग एका छोट्या फ्लॅटमध्ये मायलेकींचा संसार सुरू होतो. आई मुलीला चहाचा कप इकडे ठेव म्हणते, मुलगी आईसाठी नवरा शोधू लागते. भूमिकांची ही अदलाबदल विनोदाचा झरा आहे. आता मुलगी आईला स्थळं दाखवते आहे, आणि आई टेबलावर समोर बसलेल्या एकेका पुरुषाकडे निमूटपणे पाहते आहे. शेजारचा जे नावाचा कृष्णवर्णीय तरुण विलचा मित्र आहे. सुरुवातीला आईच्या मनात त्याच्याविषयी उघड आकस असतो. वू तो लपवत नाहीत. ज्या समाजाने तिला बाहेर काढलं, त्या समाजाचे पूर्वग्रह तीही बरोबर घेऊन आली आहे, हे प्रामाणिकपणे दाखवतात. आईची भूमिका जोन चेन यांनी केली आहे. शांघायमध्ये जन्मलेल्या, १९८७ च्या ‘द लास्ट एम्परर’मधल्या सम्राज्ञी म्हणून जगाला माहीत झालेल्या या अभिनेत्रीने इथे एक साधी, अडकलेली, आतून धगधगणारी बाई उभी केली आहे. मिशेल क्रुसेक विल आहे आणि लिन चेन व्हिव्हियन.

दोन प्रसंग जवळून पाहू. पहिल्यात आई एकटीच व्हिडिओ लायब्ररीत जाते. चीनविषयीच्या सिनेमांचा विभाग विचारते. तिथे काय आहे? ‘द लास्ट एम्परर’, ‘द जॉय लक क्लब’, आणि त्यांच्याच शेजारी अश्लील चित्रफिती. प्रेक्षक हसतो, कारण फळीवरच्या त्या पहिल्या सिनेमात हीच नटी आहे. पण अमेरिकेने चिनी बाईसाठी फळीवर किती जागा ठेवली आहे, हे त्या एका दृश्यात मोजून दाखवलं आहे. राजवाड्यातली सम्राज्ञी किंवा उपभोगाची वस्तू. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी प्रेमात पडलेल्या विधवेसाठी तिथे एकही कॅसेट नाही. आपली गोष्ट फळीवर नसणं म्हणजे काय, हे मुलीइतकंच आईलाही लागू आहे, आणि वू यांनी ते कुणाला भाषण द्यायला न लावता दाखवलं.

दुसरा प्रसंग नाचाच्या सभागृहातला. व्हिव्हियन विलला पडायला शिकवते. नर्तकीला पडता यावं लागतं. अंग सैल सोडलं तर इजा होत नाही, आखडलं तर होते. विल शल्यविशारद आहे, तिच्या हातून चूक झालेली चालत नाही, आणि घरातही तिने चूक होऊ दिलेली नाही. तिचं अंग सैल सुटत नाही. प्रेमातल्या भीतीचं इतकं अचूक चित्र मी क्वचित पाहिलं आहे. तिथे कुणी पहारेकरी नाही, कुणी धमकावत नाही. भीती तिच्या स्नायूंमध्ये बसली आहे. पुढे व्हिव्हियनला पॅरिसमध्ये नाचायची संधी मिळते आणि विमानतळावर ती विलला म्हणते की सगळ्यांसमोर माझं चुंबन घे. भोवती सगळे अनोळखी प्रवासी आहेत, फ्लशिंगचं कुणीही नाही. तरी विलला ते जमत नाही. ज्यांना आपण ओळखतही नाही अशा लोकांचीही भीती वाटणं, हेच अब्रूच्या शिकवणीचं खरं यश आहे.

विल आईला सांगते, तोही प्रसंग साधा आहे. माझं तुझ्यावर प्रेम आहे आणि मी लेस्बियन आहे, अशी दोन वाक्यं ती एका दमात बोलते. आईला ती दोन वाक्यं एकत्र ऐकवत नाहीत. मी काही वाईट आई नाही आणि माझी मुलगी तशी नाही, असा तिचा प्रतिसाद असतो. श्रोतेहो, या प्रतिसादाकडे नीट पाहा. त्यात तिरस्कार नाही. त्यात आरोपीचा बचाव आहे. मुलगी प्रेमाची कबुली देते आहे आणि आईला वाटतं की आपल्यावर खटला भरला गेला आहे. आपल्या घरांतही, मूल असं काही सांगतं तेव्हा आईच्या तोंडून पहिला प्रश्न येतो तो ‘माझं काय चुकलं?’ हाच. शतकानुशतकं मुलांच्या वागण्याचा हिशेब बाईकडूनच मागितला गेला, म्हणून तो येतो. वू त्या आईवर रागवत नाहीत. तिला तो हिशेब देण्यातून सोडवतात.

कसं सोडवतात? लग्न मोडून. आजी अचानक वारते. वडिलांच्या समाधानासाठी आई एका भल्या माणसाशी लग्नाला तयार होते. तो माणूस चांगला आहे, तिच्यावर त्याचा जीव आहे, पण तिचा नाही. ऐन समारंभात विल उठते आणि ते लग्न थांबवते. बाळाचा बाप कोण याबद्दल तिचा अंदाज साफ चुकलेला असतो. ज्याला ती बाप समजते त्याचा मुलगा पुढे येतो. तोच आईचा प्रियकर, वयाने तिच्याहून खूप लहान. मायलेकी तिथून निघतात आणि बसमध्ये बसतात. १९६७ च्या ‘द ग्रॅज्युएट’मध्येही लग्नातून पळालेलं एक जोडपं शेवटी असंच बसमध्ये बसतं. इथे त्या जागी आई आणि मुलगी आहेत. प्रेमकथेचा सर्वांत प्रसिद्ध शेवट वू यांनी मायलेकींना बहाल केला.

मराठी माणसाला हा मोडलेला लग्नसोहळा परका वाटायचं कारण नाही. गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ मध्ये रंगभूमीवर आलं. म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित. प्रेक्षक त्यांना पोट धरून हसले. देवलांनी व्याख्यान दिलं नाही. त्यांनी म्हाताऱ्या नवरदेवाला लग्नासाठी सजताना दाखवलं आणि लग्न मोडताना दाखवलं. बाला-जरठ विवाहाविरुद्ध जनमत तयार होण्यात त्या नाटकाचा मोठा वाटा होता, हे आपण शाळेपासून शिकत आलो. ज्या रूढीला बापाची इभ्रत आणि शास्त्राचा आधार होता, ती हास्यास्पद दिसली आणि तिचा वचक गेला. विनोदाचं हे सामर्थ्य आपल्या रंगभूमीने सव्वाशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं. वू यांनी फ्लशिंगमध्ये जे केलं, ते त्याच घराण्यातलं काम आहे: अब्रूच्या नावाने चाललेल्या लग्नाचा मांडव हसत हसत उधळून लावणं, आणि त्यात सापडलेल्या बाईची मात्र चेष्टा होऊ न देणं.

सिनेमाच्या शेवटी पुन्हा ‘प्लॅनेट चायना’, पुन्हा नाच. जी आई मुलीला मुलं दाखवत असे, तीच व्हिव्हियनच्या आईशी संगनमत करून दोघींना तिथे आणते. विल सगळ्या वस्तीसमोर व्हिव्हियनकडे चालत जाते आणि विमानतळावर जे जमलं नाही ते करते. काही लोक उठून निघून जातात. बाकीचे नाचत राहतात. आणि श्रेयनामावली चालू असताना आई विचारते, आता तुम्ही दोघी बाळाचं कधी बघताय? विलच्या तोंडातलं पेय बाहेर उडतं.

यावर आक्षेप घेतला जातो की हा शेवट फार गोड आहे, खऱ्या आयुष्यात असं होत नाही. मी तो आक्षेप गंभीरपणे घेते. अनेक मुलींना घरातून मारहाण होते, कोंडून ठेवलं जातं, जबरदस्तीने लग्न लावलं जातं. त्यांच्या वेदनेवर कुणी साखर पेरू नये. पण सिनेमा पुन्हा पाहा. उठून जाणारे लोक वू यांनी पडद्यावरून पुसलेले नाहीत. त्यांनी फक्त एवढं दाखवलं की ते गेल्यावरही संगीत चालू राहू शकतं. शिवाय वू यांनी अनेकदा सांगितलं आहे की हा सिनेमा त्यांनी आपल्या आईसाठी लिहिला, प्रेमाला उशीर कधीच झालेला नसतो हे तिला सांगावं म्हणून. म्हणजे गोड शेवट हा सगळं असंच घडतं असा दावा नव्हता. मुलीने आईला दिलेलं ते बोलावणं होतं. पुढे आईच्या आजारपणात त्यांनी सिनेमाच सोडला. त्यांचा दुसरा सिनेमा ‘द हाफ ऑफ इट’ आला तो २०२० मध्ये, पहिल्यानंतर तब्बल दीड दशकाने. घरात राहण्याची किंमत त्यांना चांगली ठाऊक आहे.

हा सिनेमा आला तेव्हा न्यूयॉर्कमध्ये दोन स्त्रियांना लग्न करता येत नव्हतं. तशी परवानगी देणारा कायदा २०११ मध्ये झाला. वू यांच्या आईवडिलांच्या तैवानमध्ये मे २०१९ मध्ये समलिंगी विवाह कायदेशीर झाले, आशियात सर्वांत आधी. आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढलं. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला. कायद्याची ही लढाई लढलीच पाहिजे, आणि ती लढणाऱ्यांपाठी आपण उभं राहिलं पाहिजे. पण कायदा पोलिसाला दारात रोखू शकतो. आजोबांना दार उघडायला लावू शकत नाही. ते काम घरातल्या माणसांचं आहे आणि त्यांच्या मनाची मशागत करणाऱ्या कलेचं आहे.

म्हणून आज या व्यासपीठावरून माझी मराठी नाटककारांना आणि पटकथाकारांना कळकळीची विनंती आहे. कौटुंबिक विनोदी नाटक ही आपली हुकमी कला आहे. स्थळं पाहणं, चहा-पोह्यांचा कार्यक्रम, मावशीची लुडबुड, मांडवातला घोळ, हे सगळं आपल्याइतकं कुणाला येतं? त्या दिवाणखान्यात मुलाने किंवा मुलीने आपलं प्रेम सांगावं आणि पुढचे दोन अंक कुणी मरू नये, कुणी परागंदा होऊ नये. आई चिडेल, बाबा अबोला धरतील, आजी भलतंच काही विचारेल. प्रेक्षक हसेल आणि हसता हसता आपल्या घरातल्या कुणाकडे तरी नव्या नजरेने पाहील. असं नाटक कुणी लिहिलं तर तालमीसाठी हे सभागृह मोकळं करून द्या, अशी संयोजकांनाही माझी विनंती आहे.

आणि आईवडिलांना एवढंच सांगायचं आहे. आपलं मूल हे सत्य आपल्याला सांगतं, तेव्हा ते आपल्यावर खटला भरत नसतं. ते आपल्या घरात राहण्याचा हट्ट धरत असतं. निघून जाणं त्याला सोपं असतं, तरीही ते आपल्यासमोर उभं राहून बोलतं. तो हट्ट पुरवणं आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी कुठल्या निकालाची वाट पाहावी लागत नाही.